क्रम आणि कालमान : दख्खनच्या ट्रॅपचे वय कसे निश्चित झाले?

भाषांच्या अभ्यासकाला स्टीफन हिस्लॉप हे नाव परिचित असते ते गोंडांच्या भाषेचे व परंपरांचे संग्राहक म्हणून. नागपुरास येऊन राहिलेल्या ह्या स्कॉटिश मिशनऱ्याची टिपणे, ते १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बुडून मृत्यू पावल्यानंतर, रिचर्ड टेंपल ह्यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु ह्याच हिस्लॉप ह्यांनी रॉबर्ट हंटर ह्यांच्या समवेत १८५५ साली नागपूर परिसराच्या भूरचनेविषयी व जीवाश्मांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला होता, आणि त्यात हाताळलेल्या खडकांचे वय ठरविण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वादाचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू होय. दुसरा हेतू असा की, ‘आधी काय व नंतर काय’ आणि ‘किती वर्षांपूर्वी’ हे दोन प्रश्न भिन्न आहेत, ही गोष्ट ह्या इतिहासातून जितकी स्पष्ट होते तितकी अन्यत्र क्वचितच होते. आणि भाषेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

१

क्रमाचे शास्त्र जुने आहे. गाळाचे थर एकावर एक साचतात, म्हणून मूळ रचना उलटलेली नसल्यास खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा नियम निकोलस स्टेनो ह्यांनी १६६९ मध्ये मांडला. ठरावीक थरांत ठरावीक जीवाश्म आढळतात, व त्यांचा क्रम ठिकठिकाणी तोच असतो, हे विल्यम स्मिथ ह्यांनी इंग्लंडात कालवे खणविताना पाहिले आणि त्या आधारावर १८१५ साली देशाचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. ह्या दोन तत्त्वांच्या बळावर क्रिटेशस, टर्शरी इत्यादी कालखंडांची मालिका उभी राहिली. ह्या नावांत वर्षांची संख्या नाही, केवळ स्थान आहे, हे विसरता कामा नये.

आपल्याकडील ट्रॅपची अडचण अशी की, तो गाळाचा खडक नव्हे. लाव्हाचे थरावर थर पसरून तो बनला असल्याने त्यात जीवाश्म असण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र दोन उद्रेकांच्या दरम्यान जेव्हा बराच अवधी गेला, तेव्हा तेथे तळी साचली, त्यांत शंखशिंपले वाढले, काठी वनस्पती उगवल्या. पुढील लाव्हाने हे सर्व झाकून टाकले. हिस्लॉप व हंटर ह्यांनी अभ्यासिले ते हेच आंतरट्रॅपी थर. त्यांतील जीवाश्मांवरून हिस्लॉप ह्यांनी ते टर्शरी कालखंडातील मानले; १८६० च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच तो निर्णय आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे मत निराळे पडले. नर्मदेच्या खोऱ्यात ट्रॅपखाली बाघ येथील सागरी थर आहेत व ते निःसंशय क्रिटेशस आहेत. सुरत-भडोच भागात ट्रॅपवर न्युम्युलाइट जीवाश्म असलेले इओसीन थर आहेत. म्हणजे ट्रॅप ह्या दोहोंच्या मधला, एवढे निश्चित. ह्या मर्यादेत ब्लॅनफर्ड ह्यांनी कल दिला तो क्रिटेशसच्या बाजूस, आणि मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड ह्यांच्या १८७९ च्या ग्रंथामुळे तेच मत रूढ झाले. पुढे बिरबल साहनी ह्यांनी १९३४ मध्ये हा प्रश्न पुन्हा उकरून काढला आणि छिंदवाडा व अन्य ठिकाणच्या वनस्पतींच्या, विशेषतः ताडवर्गीय जीवाश्मांच्या आधारे टर्शरीचा पक्ष बळकट केला.

दोन्ही पक्ष विद्वानांचे होते व पुरावाही खरा होता. मग निर्णय का होईना? त्याचे कारण मापदंडात होते. कालखंडांची मालिका मुख्यतः युरोपातील सागरी थरांवरून सिद्ध झालेली होती. नागपूरच्या तळ्यातील गोगलगायींना त्या मालिकेत थेट स्थान नव्हते. साम्यावरून अनुमान करावे लागे, आणि साम्य किती मानावे हे पाहणाऱ्यावर अवलंबून राही.

२

संख्येचे शास्त्र अन्य मार्गाने आले. लॉर्ड केल्विन ह्यांनी पृथ्वी निवत जाण्याच्या गणितावरून १८९७ मध्ये तिचे वय २ ते ४ कोटी वर्षे ठरविले होते. किरणोत्सर्गाच्या शोधानंतर ते गणित टिकले नाही. युरेनियमाचे रूपांतर शेवटी शिशात होते, हे हेरून बर्ट्रम बोल्टवुड ह्यांनी १९०७ मध्ये खनिजांची वये काढली व आर्थर होम्स ह्यांनी ते काम पुढे नेले. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन ह्यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखविले.

येथे एका सामान्य गैरसमजाचा निरास केला पाहिजे. जीवाश्माचे वय बहुधा जीवाश्मावरून मोजले जात नाही. रेडिओकार्बनची पद्धती सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे चालत नाही. त्याहून प्राचीन जीवाश्मांच्या बाबतीत ते ज्या थरात आहेत त्याच्या खालच्या व वरच्या ज्वालामुखीय थरांचे वय मोजावयाचे व जीवाश्म त्या दोहोंमध्ये बसवावयाचा, हीच रीत. म्हणजे संख्येलाही शेवटी स्टेनोच्या क्रमाचा आधार घ्यावा लागतो.

बेसाल्टसाठी प्रथम उपयोगी पडली ती पोटॅशियम-आर्गॉन पद्धती. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या काही अंशापासून आर्गॉन वायू बनतो. वितळलेल्या लाव्हातून पूर्वीचा आर्गॉन निसटून जातो, म्हणून खडक घट्ट होताच हे घड्याळ शून्यापासून चालू लागते, असे गृहीत धरले जाते. परंतु पावसापाण्याने झिजलेल्या खडकातून नंतरही आर्गॉन निसटतो व वय कमी भरते. उलटपक्षी जुना आर्गॉन अडकून राहिला तर ते जास्त भरते. म्हणून ट्रॅपच्या आरंभीच्या मापनांत कित्येक कोटी वर्षांची तफावत पडली. दोष घड्याळाच्या गतीत नव्हता, घड्याळाच्या पेटीला भोक होते.

ही उणीव आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने बरीच भरून काढली. त्यात नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून पोटॅशियमाच्या एका अंशाचे आर्गॉनात रूपांतर करतात व नमुना टप्प्याटप्प्याने तापवितात. आर्गॉन निसटला असल्यास ते टप्प्यांतील विसंगतीवरून उघड होते. त्याच सुमारास चुंबकत्वाचा पुरावाही पुढे आला. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजे तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात. विन्सेंट कूर्तियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले की ट्रॅपमध्ये चुंबकीय दिशेचे पालट फार थोडे आहेत. अर्थात उद्रेक दीर्घकाळ रेंगाळले नाहीत, आणि ते क्रिटेशसच्या अखेरीच्या आसपासचे आहेत.

अलीकडील मापने झिर्कॉनवर आधारलेली आहेत. सह्याद्रीच्या घाटांत काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे दिसतात, ते प्रवाशांनी सहस्रदा पाहिले असतील. अशा पट्ट्यांत ज्वालामुखीय राखेतून आलेले झिर्कॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यांत युरेनियमाचे दोन समस्थानिक असतात : एकाचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, दुसऱ्याचे सुमारे ७० कोटी. एकाच स्फटिकात दोन घड्याळे असल्याने एकाची साक्ष दुसऱ्याकडून पडताळता येते. ब्लेअर शोन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ह्या मार्गाने दाखविले की मुख्य उद्रेक क्रिटेशसच्या समाप्तीपूर्वी सुमारे अडीच लक्ष वर्षे सुरू झाले व सुमारे साडेसात लक्ष वर्षांत आटोपले. समाप्ती सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीची.

म्हणजे क्रिटेशस की टर्शरी, ह्या वादाचा निकाल काय लागला? ट्रॅप सीमेवरच पसरलेला आहे. काही आंतरट्रॅपी थर सीमेच्या अलीकडचे, काही पलीकडचे. हिस्लॉप व ब्लॅनफर्ड ह्यांच्यापैकी कोणी अगदीच चुकले नव्हते. ‘हे की ते’ असा प्रश्नच चुकीचा होता.

३

वाद मात्र संपला नाही, तो सूक्ष्म झाला. डायनोसॉरांचा नाश चिक्शुलुब येथील अशनिपाताने झाला की ट्रॅपच्या उद्रेकांनी, हे ठरविण्यास काही सहस्र वर्षांचा फरकही निर्णायक ठरतो. २०१९ साली एकाच वेळी दोन निबंध प्रसिद्ध झाले. झिर्कॉनवरील मापनात उद्रेकांची एक मोठी लाट अशनिपाताच्या थोडी आधीची दिसते; कोर्टनी स्प्रेन व सहकाऱ्यांच्या आर्गॉन-मापनात सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा नंतरचा ठरतो. शिवाय क्रिटेशसच्या समाप्तीची प्रमाणभूत सीमा ट्यूनिशियातील एल केफ येथील थरात आहे. सह्याद्रीत ती बोटाने दाखविता येत नाही. ह्या दोन स्थळांमधील सेतू संख्येचा आहे, आणि म्हणूनच त्या संख्येची चूक-मर्यादा सांगणे हा औपचारिकपणा नसून निष्कर्षाचाच भाग आहे.

भाषाविज्ञानाने ह्या शास्त्राकडून एकदा उसनवारी केली होती. रेडिओकार्बनच्या यशानंतर मॉरिस स्वॉडेश ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात असे प्रतिपादिले की मूलभूत शंभर शब्दांपैकी सुमारे ८६ टक्के दर सहस्र वर्षांनी टिकतात. त्यावरून भाषा केव्हा विभक्त झाल्या हे काढता येईल. १९६२ मध्ये बेर्गस्लँड व फॉग्ट ह्यांनी दाखविले की आइसलँडिक भाषेत शब्द फारच थोडे बदलले, तर नॉर्वेजियनमध्ये पुष्कळ. अणूच्या क्षयाची गती बाह्य परिस्थितीने बदलत नाही; शब्दांच्या क्षयाची बदलते. पेटीचे भोक बुजविता येते, परंतु गतीच अनिश्चित असेल तर घड्याळ दुरुस्त होत नाही.

तथापि क्रमाचे शास्त्र आपणांजवळ आहे व ते भक्कम आहे. ‘चाक’ मधील च दंततालव्य आहे, तत्सम ‘चक्र’ मधील तालव्य. ह्यावरून तो ध्वनिबदल ‘चक्र’ सारखे शब्द पुन्हा संस्कृतातून घेतले जाण्यापूर्वी घडून गेला होता, असे म्हणता येते. ही आपली स्तररचना होय. हा बदल अमुक शतकातला, असे म्हणावयाचे तर शिलालेख वा दिनांकित हस्तलिखित हवे. ट्रॅपच्या दोन थरांमधील झिर्कॉनचे जे काम, तेच त्यांचे. ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात ‘प्राचीन’ व ‘उत्तरकालीन’ ह्या शब्दांपुढे पुराव्यावाचून शतकांचे आकडे येतात, त्याने हिस्लॉप ह्यांच्या नागपुरी शंखांचे स्मरण करावे. क्रम सिद्ध असताना संख्येची घाई केली नाही, तर क्रमाचे मोल कमी होत नाही.