पारदर्शकपंखी पतंगाची 'नवी' जाती : शोध, नामकरण आणि काळाचे अंतर

प्रस्तावना

शोधाला एक तारीख असते, असे इतिहासलेखनात सामान्यतः गृहीत धरले जाते. जीवसृष्टीतील नव्या जातीच्या शोधाला मात्र हे गृहीतक क्वचितच लागू पडते. नमुना गोळा होणे, त्याचे शास्त्रीय वर्णन होऊन त्यास नाव मिळणे आणि तो जीव निसर्गात जिवंतपणी अभ्यासला जाणे, या तीन स्वतंत्र घटना होत. त्यांच्यामध्ये कधी कधी शतकाहून अधिक काळ लोटतो. प्रस्तुत लेखात पारदर्शकपंखी पतंगांच्या, म्हणजेच सेसिइडी कुलाच्या, आधारे या प्रक्रियेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कुलाचे स्वरूप

या कुलात १,४०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. पतंगांच्या पंखांवर सर्वसाधारणपणे आढळणारे खवले यांच्या पंखांच्या बऱ्याच भागावर नसतात. त्यामुळे पंख काचेसारखे दिसतात. शरीरावरील पट्टे आणि उडण्याची ढब यांमुळे हे पतंग गांधीलमाशी किंवा मधमाशी असल्याचा भास होतो. निरुपद्रवी जीवाने उपद्रवी जीवाचे रूप धारण करण्याच्या या प्रकाराचे विवेचन हेन्री बेट्स याने अॅमेझॉन खोऱ्यातील फुलपाखरांच्या आधारे १८६२ मध्ये केले.

हे अनुकरण पक्ष्यांप्रमाणेच संग्राहकांनाही चकवते. शिवाय बहुतेक जाती दिवसा उडत असल्याने रात्रीच्या प्रकाशसापळ्यांत त्या फारशा येत नाहीत. अळ्या खोडात किंवा मुळांत पोखरून राहतात. परिणामी संग्रहालयांत या कुलाचे नमुने तुलनेने थोडे जमा झाले.

नामकरणाचा प्रारंभ

लिनियसने १७५८ मध्ये या कुलातील एका पतंगाला डासाच्या रूपावरून 'क्युलिसिफॉर्मिस' हे जातिनाम दिले. पुढच्याच वर्षी कार्ल क्लर्क याने दुसऱ्या एका पतंगाला 'एपिफॉर्मिस', म्हणजे मधमाशीच्या रूपाचा, असे संबोधले. प्राणी कशाचा भास निर्माण करतो, याची नोंद नावातच करण्याची ही पद्धत लक्षणीय आहे.

भारतातील जातींचे नामकरण प्रामुख्याने युरोपात झाले. काकडीवर्गीय वेलींच्या खोडात गाठी निर्माण करणाऱ्या 'मेलिट्टिया युरिटिऑन' या पतंगाचे वर्णन वेस्टवुड याने १८४८ मध्ये केले. निलगिरीत चहाच्या मळ्यांत काही काळ घालविलेले जॉर्ज हॅम्पसन यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत पतंगांचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात सिद्ध केले. ज्या नमुन्यावर नाव आधारलेले असते तो प्ररूप नमुना त्या जातीच्या ओळखीचा अंतिम पुरावा होय. असे बरेच पुरावे मूळ भूमीपासून हजारो मैल दूर राहिले. एका नमुन्याच्या बाबतीत या अंतराचा अर्थ विशेष स्पष्ट होतो.

एका नमुन्याची सव्वाशे वर्षे

सुमात्रा बेटावर १८८७ मध्ये गोळा केलेला एक पारदर्शकपंखी पतंग व्हिएन्ना येथील निसर्गेतिहास संग्रहालयात पोहोचला. त्याची स्थिती चांगली नव्हती. अॅक्सेल कॅलिस यांनी २००३ मध्ये त्याचे वर्णन करून 'हेटेरोस्फेशिया टॅवोनॉइडिस' हे नाव दिले, तेव्हा नमुना मिळून ११६ वर्षे झाली होती. जातीचे नाव विज्ञानात दाखल झाले. परंतु तिच्याविषयीचे सारे ज्ञान त्या एका जीर्ण नमुन्यापुरतेच सीमित होते.

पुढे २०१३ मध्ये मलेशियाच्या द्वीपकल्पातील वर्षावनात, नदीकाठी, पोलंडच्या संशोधिका मार्ता स्कोव्रॉन व्होल्पोनी यांना ही जाती जिवंत आढळली. सुमात्रातील संग्रहापासून हे अंतर १२६ वर्षांचे होते. पुनर्शोधाचा वृत्तान्त २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवंत पतंगाच्या अंगावर निळी झळाळी होती. तो मधमाश्यांच्या सान्निध्यात ओल्या काठावरील क्षार शोषत असे. उडताना त्याचा आवाजही मधमाशीसारखा येत असे. यांपैकी वर्तन आणि ध्वनी या गोष्टी टाचणीला टोचलेल्या नमुन्यावरून कळणे शक्यच नव्हते. अनुकरण केवळ रूपाचे नसून वर्तनाचेही असते, हा निष्कर्ष जिवंत निरीक्षणानेच हाती आला.

त्याच वर्षी स्कोव्रॉन व्होल्पोनी यांनी मलेशियातीलच 'पायरोफ्लेप्स एलावी' या गांधीलमाशीसदृश नव्या जातीचे वर्णन केले. त्यात शरीररचनेबरोबर डीएनएचा संकेत आणि वर्तनाच्या नोंदी यांचाही समावेश होता. वर्णनाची संकल्पनाच आता विस्तारल्याचे हे द्योतक आहे.

बदललेली साधने

या विस्तारास काही साधने कारणीभूत ठरली. पीचच्या झाडाचे खोड पोखरणाऱ्या पतंगांच्या मादीचे गंधद्रव्य अमेरिकेत १९७४ मध्ये ओळखले गेले. आपल्या शेतकऱ्यांना परिचित असलेल्या कामगंध सापळ्याच्या तत्त्वाने या कुलातील नर आकर्षित करता येऊ लागले आणि दुर्मीळ समजल्या गेलेल्या अनेक जाती प्रत्यक्षात केवळ दृष्टीआड असल्याचे दिसून आले.

योगायोगाचे स्थानही नाकारता येत नाही. दक्षिण अमेरिकेतील गयाना येथून एका छायाचित्रकाराच्या सामानातून नकळत आलेले कोश वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील घरात फुटले आणि पतंग बाहेर पडले. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील तज्ज्ञांच्या साहाय्याने ही जाती नवी असल्याचे निश्चित झाले आणि २०२४ मध्ये ती 'कार्मेंटा ब्रॅकिक्लॅडोस' या नावाने प्रकाशात आली. येथे जिवंत प्राणी आधी दिसला व नाव नंतर मिळाले. सुमात्राच्या पतंगाच्या बाबतीत क्रम नेमका उलट होता.

निष्कर्ष

फ्रेंच संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नमुना गोळा होण्यापासून जातीच्या वर्णनापर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. याचा अर्थ असा की, अनेक 'नव्या' जाती संग्रहालयांच्या कपाटांत आधीपासूनच पडून असतात. नाव नसलेल्या जातीची गणना होत नाही, आणि जिची गणना नाही तिच्या संरक्षणाचा प्रश्नही उपस्थित होत नाही. जंगल तुटत असताना हा विलंब केवळ शैक्षणिक बाब राहत नाही.

महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांतील संग्रहांकडेही या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. सुमात्रातील तो पतंग जीर्ण होता, तथापि तो कोठे व केव्हा मिळाला हे ज्ञात होते. म्हणूनच शतकानंतर त्याला नाव मिळू शकले. स्थळ आणि तारीख नोंदविलेली चिठ्ठी नसती, तर तो केवळ एक मेलेला कीटक ठरला असता. नमुन्याबरोबर त्याची चिठ्ठी जतन करणे हे म्हणूनच इतिहासाच्या साधनांचे जतन होय.