कितवा गुरुवार?

गुरुवारी संध्याकाळी दिलसुखनगर मेट्रो स्टेशनाचा जिना उतरताना गर्दी तुम्हाला दिसण्याआधी ऐकू येते. क्लास सुटलेली पोरं, कपड्यांच्या दुकानांचे पुकारे, आरटीसीच्या बसचे हॉर्न, आणि या सगळ्यातून वाट काढत येणारी साईबाबांच्या मंदिरातली आरती. तुम्ही थबकता, कारण शब्द मराठी आहेत. गळे तेलुगू, हातातल्या पुस्तिकेची लिपी तेलुगू, जोडाक्षरं जराशी वेगळी वळतात. पण शब्द शिर्डीचेच. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला या एका गोष्टीचा उगाचच अभिमान वाटतो. तुम्हालाही वाटतो.

रांगेत तुमच्या पुढे एक बाई उभी आहे. हातात नारळ, पदराला गाठ. बाबा स्वप्नात आले होते, ती दखनी हिंदीत सांगते, नऊ गुरुवार कर म्हणाले. बाबा कसे दिसले, काय नेसले होते, हे विचारायचं तुमच्या मनातही येत नाही. तुम्ही विचारता, "कितवा?" ती म्हणते, "सातवाँ."

आरतीचा सूर चढतो. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा पायाखाली तापलेला जांभा असेल. समोर खाली मांडवी, नदीत जहाजं, काठावर पांढऱ्या भिंतींचं भलंमोठं शहर. हे गोवं. आज ज्याला आपण जुनं गोवं म्हणतो ते, अजून जुनं न झालेलं. से कॅथेड्रलचं 1562 साली सुरू झालेलं बांधकाम याच वर्षी पुरं होत आलंय. तुम्ही उभे आहात ती टेकडी बोआ व्हिस्ता. पोर्तुगीज नाव आहे, अर्थ साधा: इथून छान दिसतं. तारीख 23 फेब्रुवारी 1619, वार शनिवार. राखेचा बुधवार होऊन दहा दिवस झालेत, ईस्टर 31 मार्चला आहे. म्हणजे तुम्ही उपवासकाळात येऊन पडला आहात. गोंयकार त्याला करेज्म म्हणतो. चाळीस दिवस मांस नाही, गाणंबजावणं नाही. प्रार्थना, उपास आणि दानधर्म.

टेकडीवर लाकडाचा एक खुरीस, म्हणजे क्रूस, रोवलेला आहे. गुराख्या-मेंढपाळांसारख्या साध्या माणसांनी उभारला, असं परंपरा सांगते. त्याच्याभोवती माणसं आहेत, आणि अचानक ती गप्प होतात. कुणी गुडघ्यावर कोसळतं, कुणी छाती बडवतं, एक म्हातारा नुसताच तोंड उघडं ठेवून बघत राहतो. खुरसावर ख्रिस्त दिसतोय, ते म्हणतात.

तुम्ही मान उंचावता. तुम्हाला लाकूड दिसतं.

वाईट वाटून घेऊ नका. मी मुद्दामच तुम्हाला अशा जागी उभं केलंय जिथून फक्त चेहरे दिसतात. कॅथलिक चर्चही साक्षात्कारांकडे बरंचसं इथूनच बघतं. त्याची शिकवण अशी की देवाला जे सांगायचं होतं ते ख्रिस्तात सांगून झालं. नंतरचं कुठलंही दर्शन त्यात भर घालत नाही. फार तर, आहे तेच एखाद्या काळात नीट जगायला मदत करतं. पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झालेल्या लांबेर्तिनींनी 18व्या शतकात लिहून ठेवलं, की चर्चने मान्य केलेल्या दर्शनावरही माणूस विश्वास ठेवतो तो माणसाच्या साक्षीवर ठेवावा तसा. ती श्रद्धेची सक्ती नव्हे. मे 2024मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले, त्यांनुसार बिशप आता सहसा 'हे दैवी आहे' असं जाहीरच करत नाहीत. 'हरकत नाही' एवढंच म्हणतात आणि पाहतात की त्या जागी लोक पुढे काय करू लागले. चेहऱ्यांकडे बघा, मग पावलांकडे बघा.

इथे तुम्हाला पावलं दिसतात. लोक प्रायश्चित्त म्हणून टेकडी चढू लागलेत, काही अनवाणी, काही जांभ्यावर गुडघे खरडत. रक्त येतं. हे तुम्हाला रुचत नसेल, तर पंढरीच्या वाटेवर लोटांगण घालत जाणारा माणूस आठवा. मग रुचलं नाही तरी परकं वाटणार नाही.

पण खाली शहराकडेही बघा. कॅथेड्रलजवळच्या त्या वाड्यात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, कचेरी आहे, 1560पासून. तिथेही प्रायश्चित्त मिळतं. सानबेनितो नावाचा अंगरखा घालायचा, हातात मेणबत्ती धरायची, भर रस्त्यातून चालत जायचं. शब्द तोच, काळ तोच, शहर तेच. टेकडीवरचा माणूस स्वतः होऊन गुडघे सोलतो आणि कचेरीतल्या माणसाला अंगरखा चढवला जातो. खुरसाची गोष्ट सांगताना वाड्याची गोष्ट गाळणारे पुष्कळ भेटतील. वाड्याची सांगताना टेकडी गाळणारेही कमी नाहीत. तुम्ही दोन्ही एकाच नजरेत बघा, उंचीवर आहात तोवर.

दुसरा दिवस रविवार. साष्टीतल्या एका इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन मागे भिंतीला टेकून उभे राहा. मिस्सा लॅटिनमध्ये आहे, कुणाला कळत नाही. ती संपल्यावर ओवी सुरू होते आणि तुमच्या अंगावर काटा येतो. हे 'ख्रिस्तपुराण'. तीनच वर्षांपूर्वी, 1616 साली, रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ 11 हजार ओव्या, कर्ता फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज. याच 1619 साली तो इथेच देह ठेवणार आहे. शेजारच्या म्हाताऱ्याने लहानपणी 1567 साली याच साष्टीतली देवळं पाडली जाताना पाहिली असतील. त्याच्या कानाला ओवीची चाल ओळखीची आहे, देव नवा आहे. तो पुटपुटत साथ देतो. रडतोय का? असेल. कशासाठी, ते विचारू नका. त्याला स्वतःला तरी एकच कारण सांगता येईल का, मला शंका आहे.

66 वर्षं पुढे सरका आणि पुन्हा टेकडीवर या. आता तिथे खुरसाच्या नावाने मठ आहे, 'मिलाग्रींचा', म्हणजे चमत्कारांचा खुरीस. पोर्तुगीजांच्या धर्मसंघांनी गोमंतकीय पाद्रींना दारं जवळपास बंदच ठेवली होती, म्हणून काही स्थानिक पाद्री इथे एकत्र राहू लागले. 25 सप्टेंबर 1685 या दिवशी त्यांच्यात एक जण दाखल होतो: बाणावलीत जन्मलेला जोझे वाझ, वय 34. शिडशिडीत, पायात वहाण नाही. तुम्ही त्याला विचाराल, तुम्हाला कधी दिसला का हो खुरसावर कुणी? तो बहुधा जपमाळेचे मणी ओढत राहील.

पुढल्याच वर्षी तो निघतो. श्रीलंकेचा किनारा डचांच्या ताब्यात, कॅथलिक पूजेला बंदी, तिथे पाद्रीच उरलेले नाहीत. 1687 साली भिकाऱ्याच्या वेशात तो जाफन्याला पोचतो. गळ्यात मोठी जपमाळ अडकवून दारोदार भीक मागतो, आणि ती पाहून कुणाचे डोळे थांबतात ते न्याहाळतो. चार-पाच दारांपर्यंत त्याच्या मागून चाला. एका ओसरीवर भात घालणाऱ्या बाईचा हात मध्येच अडखळतो. ती माळेकडे बघते, रस्त्याकडे बघते, काही बोलत नाही. वाझला घर सापडलं. 1692 साली कँडीत त्याला पोर्तुगीजांचा हेर समजून कैद होते. 1697मध्ये देवीची साथ येते, तेव्हा तो रोग्यांच्या उशाशी बसतो. बोआ व्हिस्तावरच्या शनिवाराचा अर्थ मला विचाराल तर मी या साथीकडे बोट दाखवेन.

आता भरभर पुढे. दूर फ्रान्समध्ये लूर्दला 24 फेब्रुवारी 1858, तोही उपवासकाळच. बेर्नादेत नावाची गरीब मुलगी मरियामातेच्या दर्शनात 'प्रायश्चित्त' हा शब्द ऐकते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत चिखल उकरून ते गढूळ पाणी पिते. लोक वेडी म्हणतात. 1917 साली पोर्तुगालमध्ये फातिमाला तीन मुलं, सर्वांत मोठी लुसिया दहा वर्षांची, प्रायश्चित्त म्हणून कमरेला दोर करकचून बांधतात. सप्टेंबरच्या दर्शनात मरियामातेने त्यांना काय सांगितलं, हे लुसियाने पुढे लिहून ठेवलं: झोपताना दोर सोडत जा. मला साऱ्या फातिमाकथेत हे वाक्य सर्वांत आवडतं. यात आई बोलते.

आणि तो खुरीस? शहर साथींनी ओस पडलं, टेकडीवरचा मठ ओस पडला, 1845 साली लाकूड खाली आणलं गेलं. से कॅथेड्रलच्या एका बाजूच्या चॅपेलमध्ये ते आहे. ते वाढतं, असं भाविक मानतात. पेटीला खाली छोटी खिडकी आहे. तिथून बोटं आत घालून स्पर्श करतात. तुम्हीही घाला. लाकूड गुळगुळीत लागतं. वाढत असेल-नसेल, चार शतकांच्या बोटांनी ते झिजवलं मात्र असणार.

बोटं बाहेर काढता तो दिलसुखनगर. आरती संपलीय, रांग पुढे सरकलीय. ती बाई नारळ फोडून परत निघालीय, खोबऱ्याचा तुकडा तुमच्या तळहातावर ठेवते. काम झालं का, तुम्ही विचारता. म्हणजे ज्यासाठी स्वप्न पडलं ते. ती मान हलवते, अजून नाही. मग पदर सावरत मेट्रोच्या जिन्याकडे वळते आणि चढता चढता मागे बघून दोन बोटं दाखवते. दोन गुरुवार राहिलेत.