आरशातल्या हाताची कुळकथा

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस काठी धरून चालू लागला की घरच्यांना हायसं वाटतं. हात मात्र मागे राहतो. बोरिवली किंवा मुलुंडहून अशा माणसाला लोकलच्या गर्दीतून रोज हाताच्या व्यायामासाठी परळच्या रुग्णालयात नेणं कुणाला जमणार? म्हणूनच घरीच वापरता येणाऱ्या एका साध्या आरशाची हकिगत सांगावीशी वाटते.

टेबलावर आरसा उभा करायचा, अगदी छातीच्या मध्यावर. लुळा हात आरशामागे, धडधाकट हात पुढे. चांगल्या हाताची मूठ मिटायची, उघडायची, मनगट फिरवायचं, आणि नजर आरशात ठेवायची. तिथे लुळाच हात हलतोय असं दिसतं. मागच्या हातानेही जमेल तेवढं तेच करू पाहायचं.

ही युक्ती मुळात लकव्यासाठी निघालेली नव्हती. चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजात शिकलेले व्ही. एस. रामचंद्रन १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोला, हात कापावा लागलेल्या माणसांचा अभ्यास करत होते. हात गेलेला, तरी त्याची मूठ आवळलेलीच आहे, नखं तळव्यात रुततायत, अशी कळ त्यातल्या काहींना येई. रामचंद्रन यांनी पेटीत आरसा बसवला. गेलेला हात डोळ्यांना पुन्हा दिसला आणि काहींची ती नसलेली मूठ सुटली. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. १९९९ मध्ये एरिक अल्टशुलर, रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी लकव्याच्या ९ रुग्णांवरचा प्रयोग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. ९ माणसांवरून काय ठरवणार? पण अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ अभ्यास आणि १९८२ रुग्ण होते. नेहमीच्या व्यायामाला आरशाची जोड दिली तर हालचाल सुधारते, असा त्याचा निष्कर्ष. मेंदूत नेमकं काय घडतं, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

आरसा कुणीही आणेल. तो वापरायला शिकवणारं माणूस लागतं. अशी माणसं घडवण्याची परंपरा मुंबईत आरशाच्या कितीतरी आधीची आहे. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर कमला निंबकर झालेल्या बाईंनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. भारतातली ती पहिलीच. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली. हात नुसता हलून भागत नाही. घास उचलता आला पाहिजे, सदऱ्याचं बटण लावता आलं पाहिजे, हा या शास्त्राचा आग्रह. मुंबईच्या नायर आणि सायन रुग्णालयांतही पुढे हे शिक्षण सुरू झालं. कमलाबाईंचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोटं थोडी हलू लागली की दुसरी एक पद्धत असते: चांगला हात मोज्यात अडकवून लुळ्यालाच कामाला लावायचं. तिची कडक शिस्त सगळ्यांना झेपत नाही. आरसा झेपतो, कारण बोट हलत नसतानाही सुरुवात करता येते.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर दोन गोष्टी करा. उठवताना त्याला लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. आणि डिस्चार्जच्या आधीच थेरपिस्टला विचारून आरसा कसा, किती वेळ वापरायचा ते समोर बसून शिकून घ्या.