अडकलेले चाक : कारणे आणि काढण्याची सुरक्षित पद्धत

हरियाणातील फरीदाबाद शहरात पावसाळ्यात सखल रस्ते आणि भुयारी मार्ग पाण्याखाली जातात. जुलै २०२३ मध्ये यमुनेचे पाणी नदीकाठच्या वस्त्यांतही शिरले होते. अशा पाण्यातून गेलेल्या मोटारीचे चाक पुढे सर्व नट काढूनही निघत नाही, असे घडू शकते.

चाकाचे मधले छिद्र हबच्या कडेवर घट्ट बसते. तेथे ओल राहिल्यास गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने चाक जखडते. अ‍ॅलॉय चाकांत अ‍ॅल्युमिनियम व लोखंडाच्या संपर्कामुळे ही झीज वाढते.

केवळ जॅकवर उभी असलेली मोटार चाक ओढताना घसरून जीवघेणा अपघात होऊ शकतो. म्हणून मोटार सपाट, कठीण जमिनीवर उभी करून हातब्रेक ओढावा व इतर चाकांना ठोकळे लावावेत. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. मोटार उचलल्यावर तिला स्टँडचा आधार द्यावा. नट पूर्ण न काढता काही आट्यांवर ठेवावेत, म्हणजे सुटलेले चाक अंगावर येत नाही. त्यानंतर टायरच्या बाजूवर रबरी हातोड्याने आलटून पालटून ठोके द्यावेत. गंज सोडवणारे तेल हबच्या कडेलाच लावावे; ब्रेकवर ते उडू देऊ नये.

चाक निघाल्यावर गंज तारेच्या ब्रशने साफ करावा. चाक बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, उत्पादकाने सांगितलेल्या बलाने आवळावेत आणि सुमारे ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. चाकांची ठरावीक काळाने अदलाबदल केल्यास गंज साचण्यापूर्वीच लक्षात येतो.