परक्या भाषेंतील लेखन

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेंच्या आसपास लेणीं आहेत. तेथील तीन शिलालेखांत दाता ‘यवन’ म्हणून नमूद आहे. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. चिट नांवाच्यानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला. हे ग्रीक होते कीं पश्चिमेकडून आलेले दुसरे कोणी, हा वाद पंडितांनीं करावा. आम्हांस नवल वाटतें तें हें कीं, त्यांचे लेख येथल्या ब्राह्मी लिपींत व येथल्या प्राकृतांत आहेत. कोरणारा सलाट अर्थात् येथलाच असेल. पण आपलें दान लोकांस कळावें तर लोकांच्या भाषेंत लिहिलें पाहिजे, हें त्या परकीयांनीं ओळखलें होतें.

१८१८ त पेशवाई बुडाली आणि हा व्यवहार उलटला. आतां परकी भाषा शिकण्याची पाळी येथल्या मुलांवर आली, आणि तीही बाजारापुरती नव्हे. इंग्रजी ग्रंथ वाचावयाचे, त्यांवर विचार करावयाचा आणि तो इंग्रजींतच मांडावयाचा होता. या कामीं पहिलीं साधनें मुंबईंत निर्माण झालीं. मोल्सवर्थ व कँडी बंधूंनीं येथल्या शास्त्रीमंडळींच्या साह्यानें सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. १८३२ त बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ एका स्तंभांत इंग्रजी व शेजारीं मराठी असें छापूं लागलें. वाचकास दोन्ही भाषा ताडून पाहतां येत. मोल्सवर्थनें आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीनें १८४७ त पुरा केला. मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दसंख्या साठ हजारांवर गेली, आणि शब्दांमागें वाक्प्रचार व म्हणीही आल्या. शब्द कोणत्या संगतींत वावरतो हें ज्या कोशांतून कळतें, त्याचा विद्यार्थ्यास खरा उपयोग. आजचे कित्येक खिशांतले कोश या बाबतींत फारच दरिद्री आहेत.

१८५७ त मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें. १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेस १३२ विद्यार्थी बसले, त्यांतील २२ उतरले. १८६२ त पहिले चार पदवीधर झाले, त्यांत रानडे व भांडारकर होते. आरंभीं इतिहास-गणितासारख्या विषयांचीं उत्तरें देशी भाषेंत देण्याची मुभा होती, ती थोड्याच वर्षांत गेली. घोडेगांव किंवा जुन्नरच्या मुलावर याचा भार किती पडला असेल याची कल्पना करावी. मराठी चार इयत्ता, त्यांवर इंग्रजी सात, आणि वरचें शिक्षण बहुधा पुण्यास. नारायणगांव, मंचर, खेड करीत जावयाचें. आगगाडी या दोन तालुक्यांत आजतागायत आलेली नाहीं. शहरांत पोंचल्यावर गरिबाच्या मुलास पुष्कळदां वार लावून जेवावें लागे. अशा मुलास भूमितीचा सिद्धान्तही परक्या भाषेंत सांगावयाचा म्हटल्यावर त्यानें घोकंपट्टीचा आश्रय केला, यांत नवल नाहीं.

शिकविण्याची मुख्य रीत भाषांतराची होती. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर कित्येक पिढ्या पोसल्या. या रीतीची हल्लीं जी हेटाळणी होते ती आम्हांस अन्यायाची वाटते. शब्दाला शब्द तोलून पाहण्याची संवय तिनें लावली. मात्र तिनें एक एक वाक्य साधतें, निबंध साधत नाहीं. एका विधानाला दुसऱ्याचा आधार कसा द्यावा, प्रतिपक्ष कोठें मांडावा, हें ग्रंथ वाचल्याशिवाय अंगीं येत नाहीं. याचा उत्तम दाखला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. जॉन्सन व मेकॉले त्यांनीं पचविले, आणि त्यांतून १८७४ त ‘निबंधमाला’ मराठींत उभी राहिली. त्याच गृहस्थानें १८८० त न्यू इंग्लिश स्कूल काढण्यांत पुढाकार घेतला, यांत कोणास विसंगति दिसेल. आम्हांस दिसत नाहीं. पदवीच्या अभ्यासांतून मराठी गेली तेव्हां रानड्यांनीं तिच्यासाठीं दीर्घकाळ खटपट केली, व एम. ए. च्या परीक्षेंत तिला पुन्हां जागा मिळाली. इंग्रजीवर ज्यांचें उत्तम प्रभुत्व होतें त्यांनाच मराठीची एवढी चिंता असावी, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

२००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांतील महादेव कोळ्यांच्या मुलास शाळेची मराठीच घरच्या बोलीहून निराळी वाटते, तेथें इंग्रजी ही तिसरी पायरी होते. तो महाविद्यालयांत जातो तेव्हां अर्थ क्षणांत दाखविणारा दूरध्वनि त्याच्या हातांत असतो. पण ‘ऑब्झर्व्ह’ हा एकच शब्द घ्या. प्रयोगशाळेंत त्याचा अर्थ निरीक्षण करणें, नियमाच्या संबंधांत पाळणें, सणाच्या संबंधांत साजरा करणें, संभाषणांत उद्गार काढणें. पहिला अर्थ तेवढा पाठ केलेला विद्यार्थी, सभेनें दोन मिनिटें मौन पाळलें असें इंग्रजींत वाचून, सभेनें मौनाचें निरीक्षण केलें असें भाषांतर करून मोकळा होतो.