घरातील जुन्या वस्तू आणि त्यांची नावे : चकलांबा येथील एका पेटीच्या निमित्ताने

घरातील जुनी वस्तू इतिहासाचे साधन ठरू शकते काय, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. दप्तरे, ताम्रपट, शिलालेख यांना साधनांच्या पंक्तीत मानाचे स्थान मिळाले. परंतु पेटीतील अडकित्ता किंवा बळदाजवळचे धान्याचे माप यांची गणना कौटुंबिक आठवणींत होते आणि तेथेच थांबते. प्रस्तुत टिपणात मांडावयाचा मुद्दा असा की, अशी वस्तूही साक्ष देऊ शकते. मात्र तिचे नाव आणि तिच्याभोवतीचे बोलणे यांसह तिची नोंद झाली पाहिजे.

उदाहरण माझ्या आजोळचे आहे. चकलांबा हे गाव बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, शेवगाव तालुक्याच्या बाजूस वसलेले आहे. या दोन तालुक्यांमधील हद्द आज केवळ जिल्ह्यांची हद्द होय. १९४८ पूर्वी मात्र ती दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, तर पलीकडे ब्रिटिश अमलाखालील अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर. माझ्या आजीच्या लाकडी पेटीत या सरहद्दीच्या खुणा होत्या. त्या ओळखावयास मला भाषाशास्त्राकडे यावे लागले.

पेटीत एक अडकित्ता, एक पितळी तस्त आणि एक अत्तरदाणी होती. अडकित्त्याचे नाते कानडीतील सुपारीवाचक ‘अडके’ या शब्दाशी आहे; ‘तस्त’ फारशीतून आलेला आहे, तर ‘अत्तरदाणी’मध्ये अरबी ‘अत्र’ आणि फारशी ‘दान’ यांचा संयोग आहे. याच घरातील जाते, उखळ व सूप ही नावे मात्र यंत्र, उदूखल व शूर्प या संस्कृत शब्दांपासून प्राकृताच्या वाटेने आलेली. ‘तस्त’ निजामाच्या राज्यातून आला असे आमच्या घरी समजत; पण हे अनुमान टिकत नाही. शिवकालात रघुनाथ पंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ रचून फारशी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि त्यातील ‘भोग्यवर्ग’ हा उपभोगाच्या वस्तूंना वाहिलेला आहे. हैदराबादची निजामशाही १७२४ ची. अर्थात् त्या राज्याच्या स्थापनेपूर्वीच फारशी-अरबी शब्द आपल्या घरांत रुळले होते. शब्द फारशी आहे एवढ्यावरून वस्तू निजामकालीन ठरत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे अधोली. अधोली हे अर्ध्या पायलीचे, म्हणजे दोन शेरांचे माप. दशमान मापांचा अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तरीही माझ्या लहानपणी, सुमारे तीस वर्षांनंतर, आजी ज्वारी अधोलीनेच मोजीत असे. पहिले माप ओतताना ती ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. त्यानंतर दोन, तीन असा क्रम चाले. ही रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. अधोली संग्रहालयात ठेवता येईल, तिच्यात किती धान्य मावते तेही मोजता येईल. परंतु मोजणीचा आरंभ शुभशब्दाने करणारी ही भाषा त्या भांड्यावर कोठेही कोरलेली नाही. ती मोजणाऱ्याच्या तोंडी होती आणि त्याच्याबरोबरच जाते.

तिसरी वस्तू, चांदीचा एक रुपया, अधिक बोधप्रद आहे. लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो ठेवीत, आणि हा रुपया राक्षसभुवनच्या लुटीतला, असे आम्हांस सांगत. राक्षसभुवन याच तालुक्यात गोदाकाठी आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे थोरल्या माधवरावांनी निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला. लहानपणी त्या कथेवर माझी पूर्ण श्रद्धा होती. पुढे नाणे वाचता आले तेव्हा दिसले की, त्यावर चारमिनार आहे, त्याच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर, म्हणजे उस्मान अलीखानांचे आद्याक्षर आहे, आणि वर्ष हिजरी १३३७, अर्थात् इ. स. १९१८-१९ आहे. लुटीची कथा दीडशेहून अधिक वर्षांनी चुकली होती.

म्हणून आठवण सर्वस्वी टाकाऊ ठरते काय? आजी त्या नाण्यास ‘हाली’ म्हणे आणि पलीकडच्या रुपयास ‘कलदार’. ‘सात हालीचे सहा कलदार’ हे तिचे वाक्य आम्हांस निरर्थक वाटे. वस्तुतः संस्थानी व इंग्रजी रुपयांचा सरकारी दर नेमका तोच होता. शिवाय ‘कलदार’ म्हणजे यंत्रावर पाडलेला. आमच्या पेटीतील चारमिनारी रुपयाही यंत्रावरच पाडलेला होता. तरी ‘कलदार’ हे नाव इंग्रजी रुपयाकडेच राहिले. हातघडणीच्या जुन्या हाली नाण्याशी असलेला भेद नाहीसा झाला, पण शब्दाने तो जपला. घराण्याची कथा चुकीची होती. घराण्याचा शब्द अचूक होता. आठवणीतील गौरवाचा भाग आणि व्यवहाराचा भाग निराळे करून तपासले पाहिजेत, आणि व्यवहाराच्या भागावर सामान्यतः अधिक भरवसा ठेवता येतो, असे मला यावरून वाटते.

हे काम सावकाशीने करण्याजोगे नाही. आजोळचे जुने घर उतरविले तेव्हा स्नानाचे घंगाळ, तस्त आणि अधोली मोडीच्या भावाने, वजनावर गेली. रुपया उरला तो चांदीचा म्हणून. ‘हाली’ शब्दाचा अर्थ ‘चालू’, ‘सध्याचा’. तो आता घरात कोणी उच्चारीत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या गावी अशी एखादी पेटी अद्याप असेल. त्यांनी सुटीत वस्तूचे छायाचित्र अवश्य घ्यावे. पण त्याआधी ती वापरलेल्या माणसाजवळ बसावे, त्या वस्तूचे व तिच्या भागांचे नाव विचारावे, ती हाताळताना काय बोलत असत ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. कथा ऐकावी, लिहावी आणि मग तपासावी. वस्तू उद्याही सापडेल. सांगणारा सापडेलच असे नाही.