मद्रासमधली एकवीस षटकं

रावेतच्या बास्केट ब्रिजपाशी गाडी कडेला घेऊन तुम्ही उभे आहात. द्रुतगती मार्गापलीकडे गहुंजेच्या मैदानाचे दिवे लागलेत. मोबाइलवरचा समालोचक षटकामागे सात धावा देणाऱ्या गोलंदाजाला ‘कंजूष’ म्हणतोय. खरा कंजूष पाहायचाय? मग चला.

१२ जानेवारी १९६४, रविवार. मद्रासचं कॉर्पोरेशन स्टेडियम. कसोटीचा तिसरा दिवस. भारताने ७ बाद ४५७वर डाव सोडलाय. त्यात कुंदरनचे १९२. समोर इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. बापू नाडकर्णी, नाशिकचा डावखुरा फिरकीपटू, चार पावलं येतो आणि चेंडू टाकतो. बोलस पाय पुढे काढून तो मातीत दाबतो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तुम्ही वहीत टिंबं मांडताय. सहा टिंबं झाली की रेघांनी जोडून त्यांचा ‘एम’ करायचा, ही स्कोअररची जुनी रीत. पानभर नुसते ‘एम’ व्हायला लागतात.

नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचा सराव हा माणूस करतो, असं ऐकलेलं असतं. इथे ते नाणं जवळजवळ दिसतंच. खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही येतो. शेजारचे गृहस्थ केव्हाच डुलकी घेताहेत. तिसऱ्या हप्त्यात १९ षटकं, त्यांतली १८ निर्धाव, धाव एक. हप्ते जोडून मोजली तर सलग २१ निर्धाव षटकं, सलग १३१ चेंडू कोरे. डावाअखेरचा हिशेब : ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य.

शून्य! त्याच डावात पुण्याच्या चंदू बोर्डेंनी ८८ धावांत पाच जण टिपले, सलीम दुराणींनी ९७ धावांत तीन.

इथे वही मिटू नका. बेसबॉलवाले अशा आकड्याकडे एकट्याने बघत नाहीत, त्या वर्षीच्या बाकीच्या पिचरांशेजारी ठेवतात. बॉब गिब्सनने १९६८ साली नऊ डावांमागे १.१२ धावा दिल्या, पण तेव्हा धावा साऱ्यांनाच महाग होत्या. पेद्रो मार्टिनेझच्या २०००मधल्या १.७४चं वजन त्याहून जास्त भरतं, कारण त्याच्या लीगची सरासरी पाचाच्या घरात होती.

बापूंनाही हाच काटा लावा. साठच्या दशकात कसोटी मुंगीच्या पावलाने चाले, म्हणून बापूंची षटकामागे १.६७ धाव ही त्या काळाचीच कृपा असेल, अशी शंका येते. पण मग तेच दशक, बहुतेक तीच मैदानं वाट्याला आलेले दुराणी आणि बोर्डे अडीचच्या आसपास का? वेस्ट इंडिजचा लान्स गिब्ज दोनाच्या किंचित खाली. बापूंच्या पुढे दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर गोडार्ड, १.६४. कोऱ्या चेंडूंत त्याच देशाचा टेफील्ड सरस : १९५७मध्ये डर्बनला १३७, पण दोन डावांत मिळून.

‘धावा देत नव्हता, पण बळी कुठे घेत होता?’ हा टोमणा पुण्याच्या कट्ट्यांवर आजही ऐकू येतो. अर्धाच खरा. कसोटीत ८८ बळी, प्रत्येकी २९.०७ धावांना. सुभाष गुप्ते २९.५५, प्रसन्ना ३०.३८, विनू मांकड ३२.३२. म्हणजे बळी स्वस्तातच मिळाला, फक्त उशिरा : एकेका बळीसाठी १०४ चेंडू, गुप्ते-प्रसन्नांना ७६. धावा वाचल्या, वेळ खर्ची पडला. आणि पाच दिवसांच्या सामन्यात वेळही मोजूनच मिळतो. त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या, हे बापूंच्या चाहत्यांनी विसरू नये.

तरी परतण्याआधी १५ जानेवारी पाहून घ्या. इंग्लंडपुढे २९३चं लक्ष्य. संध्याकाळी ते ५ बाद २४१वर थांबतात. बापूंची नोंद : ६ षटकं, ४ निर्धाव, ६ धावा, २ बळी. कर्णधार पतौडी तंबूकडे निघालाय. गाठा त्याला आणि विचारा, सहाच षटकं का?